रिसेट दाबलं की लगेच उडतं, मग साधा सॉकेट बसवू का?

वाचकाचं पत्र

आम्ही अमेरिकेत राहतो. गेल्या वर्षी घेतलेलं घर 1983 सालचं आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस पावसाची झड लागली होती, तेव्हापासून दोन्ही बाथरूममधले सॉकेट बंद आहेत. पॅनेलमधले सगळे ब्रेकर चालू आहेत. शोधता शोधता गॅरेजमध्ये फडताळामागे टेस्ट आणि रिसेट अशी बटणं असलेला एक सॉकेट सापडला. त्याचं रिसेट दाबलं की टक् आवाज येतो आणि बटण लगेच बाहेर येतं. मध्ये एकदा ऊन पडलं तेव्हा दुपारभर टिकलं, संध्याकाळी पुन्हा गेलं. गॅरेजमधला फ्रीझर त्याच लाइनवर होता, तो आता एक्स्टेन्शन लावून दुसरीकडून चालवतोय. माझे मिस्टर म्हणतात, हा जीएफसीआय (गळती झाली की वीज तोडणारा सॉकेट) जुना झालाय, त्याच्या जागी साधा सॉकेट लावू म्हणजे कटकट मिटेल. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. साधा लावला तर चालेल का? आणि सारखं रिसेट दाबण्यात काही धोका आहे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

साधा सॉकेट लावू नका, हे आधी सांगते. तुमचे मिस्टर म्हणतात तसा तो जीएफसीआय खरोखर म्हातारा झाला असेल, हे शक्य आहे. पण मग त्याच्या जागी नवा जीएफसीआयच यायला हवा. साधा सॉकेट लावल्यावर दोन्ही बाथरूम चालू होतील, फ्रीझर चालेल, सगळं छान दिसेल. फक्त वीज जिथून गळते आहे तिथून ती गळतच राहील, आणि ते तुम्हाला कळवणारं घरात काही उरणार नाही.

पॅनेलमधले ब्रेकर चालू आहेत म्हणून वायरिंग ठीक असणार, असा बहुतेकांचा समज असतो. तो खरा नाही. तुमच्या पॅनेलमधला ब्रेकर 15 किंवा 20 अँपिअरचा असेल. त्याचं काम वायर तापून पेट घेऊ नये एवढंच आहे. माणसाचं शरीर याच्या कितीतरी आधी हार मानतं. साधारण 10 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा शंभरावा भाग हातातून गेला तरी स्नायू असे आखडतात की अनेकांना हातातली वस्तू सोडता येत नाही. त्याहून थोडा जास्त करंट छातीतून गेला तर श्वास अडकतो, आणि हृदयाची लय बिघडायला 100 मिलिअँपिअरसुद्धा लागत नाहीत. हे सगळं होत असताना 20 अँपिअरच्या ब्रेकरला पत्ताही लागत नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणूस किती करंटपर्यंत हात सोडवू शकतो याची मोजमापं केली होती. पुढे 1960च्या दशकात जीएफसीआय घडवला तोही त्यांनीच. म्हणून हे उपकरण 4 ते 6 मिलिअँपिअरच्या गळतीवर उडतं. हात सोडवता येणार नाही त्या पातळीच्या बरंच खाली.

आतली युक्ती सोपी आहे. फेजच्या वायरमधून, जिला इथे हॉट म्हणतात, जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. दोन्ही वायरी एका गोल कॉइलमधून जातात, आणि जमाखर्च जुळेनासा झाला की कॉइलला ते लगेच जाणवतं. जो फरक पडला तो कुठूनतरी जमिनीत गेला: ओल्या डब्यातून, उपकरणाच्या धातूच्या अंगातून, किंवा एखाद्या माणसातून. यातलं नेमकं कोण, हे जीएफसीआय ओळखू शकत नाही. म्हणून तो तिन्ही वेळा सारखाच वागतो आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात वीज तोडतो.

भारतातल्या घरी हेच काम डीबीमधला, म्हणजे मुख्य वीजपेटीतला, आरसीसीबी करतो. तो बहुतेक ठिकाणी 30 मिलिअँपिअरचा असतो आणि उडाला की अख्ख्या घराची किंवा निम्म्या घराची वीज जाते, त्यामुळे लगेच सगळ्यांना कळतं. इथे हे काम सॉकेटमध्ये उतरवलेलं आहे आणि एक सॉकेट आपल्या पुढच्या अनेक सॉकेटना सांभाळतो. बंद पडतं एकीकडे आणि बटण असतं भलतीकडे. तुमच्या घराच्या वयाकडे पाहता हे अगदी स्वाभाविक आहे. इथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेत 1973 मध्ये घराबाहेरच्या, 1975 मध्ये बाथरूमच्या आणि 1978 मध्ये गॅरेजच्या सॉकेटना जीएफसीआय लागू झाला; स्वयंपाकघराचा ओटा 1987 मध्ये आला. तेव्हा हे उपकरण महाग होतं. त्यामुळे त्या काळच्या घरांत गॅरेजमध्ये एकच बसवायचा आणि त्याच्यापुढे दोन्ही बाथरूम आणि अंगणातले सॉकेट जोडायचे, ही नेहमीची पद्धत होती.

आणि इथेच तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. घराबाहेरच्या सॉकेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही पावसाचं लिहिलंय, उन्हात टिकल्याचं लिहिलंय. माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. पण संशयावरून भिंत फोडायची नसते, तेव्हा क्रमाने जाऊ.

आधी रिसेटबद्दल, कारण ते बटण कसं वागतं यात अर्धं निदान असतं. दाबल्यावर ते नुसतं आत-बाहेर होतं, टक् वाजत नाही, अडकत नाही, असं असतं तर मी म्हटलं असतं की त्या सॉकेटपर्यंत वीजच येत नाहीये किंवा तो आतून संपला आहे. अलीकडचे जीएफसीआय वीज नसेल, वायरी उलट्या जोडल्या असतील किंवा आतली यंत्रणा निकामी झाली असेल तर रिसेट होतच नाहीत. तशी सोय मुद्दाम केलेली आहे. अशा वेळी आधी पॅनेलकडे जावं. उडालेला ब्रेकर कधी कधी मधल्या स्थितीत अडकतो आणि लांबून चालू असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण बंद करून मग चालू करावा लागतो. तुमचं बटण मात्र टक् करून क्षणभर बसतं आणि मग उडतं, आणि एकदा तर दुपारभर टिकलं. म्हणजे वीज येते आहे, यंत्रणा हलते आहे. उपकरण बिघडलेलं नसून ते खरीच गळती पकडत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

सारखं दाबण्यातला धोका असा: दर वेळी तुम्ही बिघडलेल्या जागेला क्षणभर का होईना वीज देता. त्या क्षणी मुलगी बाथरूममधल्या एखाद्या उपकरणाला हात लावून उभी असेल, कुणी अंगणात ओल्या वायरीजवळ असेल, तर संरक्षण त्या जुन्या उपकरणावरच अवलंबून आहे. निदानासाठी दोन-चारदा दाबायला हरकत नाही, पण घरातल्यांना सांगून, कुणीही कशाला चिकटलेलं नसताना. रोज सकाळी नशीब आजमावायला दाबू नका.

आता शोध. एक टेबल लँप घ्या, जो चालतो याची खात्री आहे असा. गॅरेजचं रिसेट उडालेलं असताना घरभर फिरा आणि प्रत्येक सॉकेटला तो लावून पाहा. दोन्ही बाथरूम, गॅरेजच्या सगळ्या भिंती, तळघर असेल तर तिथे, पुढचं दार, मागचं अंगण, आणि छताच्या कडेखाली सणाच्या माळांसाठी सॉकेट असतो तोसुद्धा. जिथे दिवा लागत नाही तो सॉकेट या जीएफसीआयच्या पुढे आहे. कागदावर यादी करा. ही यादी पुढे इलेक्ट्रिशियन आला तर त्याचा बराच वेळ वाचवेल, म्हणून आळस करू नका.

मग यादीतल्या प्रत्येक सॉकेटमधून सगळं काढा. उपकरणाचं बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग उपसून काढायचा. याचं कारण नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. उपकरणाचा स्विच साधारणपणे फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. आणि जीएफसीआय फेजच्या गळतीवर तर उडतोच, पण त्याच्यापुढे कुठे न्यूट्रल आणि ग्राउंडची वायर एकमेकींना चिकटली असेल तरीही उडतो. त्यासाठी त्याच्यात वेगळी कॉइल असते. त्यामुळे बंद असलेला हेअर ड्रायर किंवा बंद असलेला बाहेरचा दिवासुद्धा त्याला उडवू शकतो. प्लग नसलेल्या, थेट वायरीने जोडलेल्या गोष्टीही आठवा: बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा, बागेतला पंप, अंगणातला दिवा. संध्याकाळी पुन्हा गेलं, हे तुमचं वाक्य मला इथे महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा आहे का? टायमरवर काही आहे का? असेल तर गळती तिथेच असून दिवसभर ती दिसत नव्हती, असं होऊ शकतं. नसेल तर संध्याकाळचा दमटपणा हेही कारण पुरतं.

सगळं काढून झालं की टेस्ट एकदा दाबा आणि मग रिसेट पूर्ण आतपर्यंत दाबा. जुन्या उपकरणांत स्प्रिंग कडक असते, हलक्या बोटाने ते बसत नाही. बसलं आणि टिकलं, तर दोष काढून ठेवलेल्या एखाद्या वस्तूत आहे. एकेक वस्तू परत लावा, लावल्यावर ती चालू करून पाहा, थोडा वेळ थांबा, मग दुसरी. ज्या वस्तूला उडेल ती बाजूला काढा आणि दुसऱ्या एखाद्या जीएफसीआयवर पडताळा. तिथेही उडाला तर ती वस्तू घरात वापरायची नाही. साध्या सॉकेटवर चालते म्हणून ती चांगली आहे, असा निष्कर्ष काढू नका. साध्या सॉकेटला गळती दिसतच नाही.

यात फ्रीझरचा वेगळा विचार करावा लागेल. फ्रीझर हलवल्यावरही रिसेट उडत होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दुपारभर टिकलं त्या दिवशी तो कुठे जोडलेला होता, हे आठवून पाहा. बर्फ वितळवण्यासाठी अनेक फ्रीझरमध्ये एक हीटर असतो, तो ठरावीक काळाने आपोआप चालू होतो आणि जुन्या हीटरमध्ये ओल शिरली की गळती सुरू होते. तोच गुन्हेगार असेल तर तो आता एक्स्टेन्शनवर, कदाचित जीएफसीआय नसलेल्या सॉकेटवर चालला आहे आणि त्याचं धातूचं अंग फक्त ग्राउंडच्या वायरीच्या भरवशावर सुरक्षित आहे. म्हणून ते एक्स्टेन्शन तीन पिनांचं, जाड वायरीचं आहे ना, आणि मध्ये कुठे तीन पिनांचं दोन पिनांत करणारा अडॅप्टर घातलेला नाही ना, हे आजच बघा. दोष सापडेपर्यंत मुलीला गॅरेजमध्ये एकटी सोडू नका. इतर सगळं जोडून रिसेट टिकलं आणि फक्त फ्रीझरने उडालं, तर दुरुस्ती फ्रीझरची करायची.

सगळं काढूनही उडत असेल तर बाहेर जा. पाऊस नसताना, पॅनेलमधला त्या लाइनचा ब्रेकर बंद करून. लँप लावून खरंच बंद झालं आहे ना ते पाहा. तो सॉकेट आधीच मेलेला असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून ब्रेकर कोणता हे रिसेट टिकलेलं असताना ओळखून ठेवलेलं बरं, नाहीतर सरळ मेन बंद करा. मग बाहेरच्या सॉकेटचं झाकण उघडा. आत पाण्याचे थेंब, हिरवट पडलेलं तांबं, गंज, मुंग्यांची माती, कोळ्याची जाळी यांपैकी काही दिसलं तर बहुतेक उत्तर मिळालं. तो कोरडा होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिसेट करून पाहा. टिकलं म्हणजे दुरुस्ती झाली असं समजू नका. पुढच्या पावसात हेच होईल. तो सॉकेट बदलायचा, आणि त्यावर डब्ल्यूआर ही अक्षरं असलेला, हवामान सोसणारा आणायचा. जुन्या घरांत नुसतं सपाट झाकण असतं, ते आत प्लग नसतानाच पाणी अडवतं. त्याऐवजी प्लग लावलेला असतानाही बंद होणारं फुगीर झाकण बसवा, आणि भिंत व डबा यांच्यातली फट वरून आणि दोन्ही बाजूंनी बुजवा. खालची कड मोकळी ठेवा, चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडेल.

बाहेरही सगळं कोरडं ठणठणीत असेल आणि तरी रिसेट टिकत नसेल, तर उरतात दोनच शक्यता: भिंतीतली वायर (आणि तिला थेट जोडलेल्या वस्तू) किंवा जीएफसीआय स्वतः. हे वेगळं करण्याची पद्धत सांगते, पण ज्याने पूर्वी सॉकेट जोडला आहे त्यानेच ती करावी. ब्रेकर बंद करून, टेस्टरने खात्री करून, जीएफसीआय बाहेर ओढायचा. मागे दोन जोड्या असतात. एकीवर लाइन लिहिलेलं असतं, तिथे पॅनेलकडून वीज येते. दुसरीवर लोड, तिथून पुढच्या सॉकेटना जाते. लोडच्या वायरी सोडवून त्यांची टोकं वेगवेगळी झाकायची, ब्रेकर चालू करायचा, रिसेट दाबायचं. टिकलं तर उपकरण ठीक, दोष पुढच्या वायरीत. आता पुढे काहीच जोडलेलं नसतानाही उडालं तर उपकरण बदलायचं. वायरींच्या रंगावरून किंवा जागेवरून लाइन कोणती याचा अंदाज बांधू नका. लाइन आणि लोड उलट जोडल्यामुळे वीज चालू आणि संरक्षण शून्य, अशी जुनी जोडणी अनेक घरांत सापडते. दोष वायरीत निघाला तर मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. भिंतीत कुठे खिळा घुसला आहे, कुठे उंदराने वायर कुरतडली आहे, हे शोधायला त्याच्याकडे मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र, असतं. आपण घरी करण्याचं ते काम नाही. तसंच सॉकेट गरम लागत असेल, जळका वास येत असेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा ओल्या डब्यातून चर्र आवाज येत असेल, तर वरचं काहीही करत बसू नका. ब्रेकर बंद करा आणि फोन करा.

दोष कुठेही सापडला तरी गॅरेजमधला तो जीएफसीआय या निमित्ताने बदलून घ्या, असं मी सुचवेन. तो घराएवढाच जुना असेल तर त्याने आपलं काम केलेलं आहे. जुने काही उपकरण निकामी झाल्यावरही वीज देत राहतात. टेस्ट दाबलं तरी लँप जळतच राहतो, आणि आपल्याला वाटतं संरक्षण आहे. 2015 पासून बनणारे स्वतःची तपासणी आपोआप करतात आणि बिघडले तर दिव्याने सांगतात किंवा वीज सोडतच नाहीत. दिव्याच्या रंगाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून सोबतचा कागद टाकून देऊ नका. नव्यावरही महिन्यातून एकदा लँप लावून टेस्ट दाबा. लँप विझला पाहिजे, मग रिसेट. आणि तो फडताळामागे ठेवू नका. फडताळ हलवा, किंवा सॉकेटच पुढे आणून घ्या.

मुलीसाठी आणखी एक. जीएफसीआय जमिनीकडे जाणारी गळती पकडतो. कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरली आणि जमिनीशी संबंध आला नाही, तर जमाखर्च बरोबर जुळतो आणि तो गप्प बसतो. लहान मुलं चावी किंवा पिन सॉकेटच्या भोकांत घालतात तेव्हा हे होऊ शकतं. त्यासाठी टीआर अक्षरं असलेले, आत झडपा असलेले सॉकेट मिळतात. दोन्ही पिना एकदम आत गेल्या तरच त्या झडपा उघडतात. 1983 च्या घरात ते नसणारच. इलेक्ट्रिशियन येणारच असेल तर मुलीच्या उंचीवरचे सगळे सॉकेट त्याच फेरीत बदलून घ्या.

त्याला फोन करताना एवढं सांगा: गॅरेजमधला जीएफसीआय पावसानंतर उडतो, टक् करून लगेच बाहेर येतो, कोरड्या दिवशी टिकला होता, त्याच्यापुढचे सॉकेट अमुक-अमुक आहेत, सगळे प्लग काढून असं झालं. आणि तो आल्यावर वेळ वाचवायला साधा सॉकेट लावून देतो म्हणाला, तर त्याला नको म्हणा आणि दुसरा बोलवा.